शीतलपुऱ्याची दहावी चूल

"राहावं तर शीतलपुऱ्यात! बाकी ठिकाणी माणसं नुसती मुक्कामाला असतात!"

हे वाक्य मी एके काळी दिवसातून दहा वेळा म्हणत असे, आणि बहुतेक वेळा कोणी विचारलेलं नसताना. शीतलपुरा म्हणजे आमची देवासच्या वेशीबाहेरची नवी वस्ती. वय वर्षं तीन. नांदती घरं नऊ. झाडं दोन, त्यांतलं एक वठलेलं. नाव मीच ठेवलं. देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या कचेरीत मी कारकून. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज लिहून हात शिवशिवत असे. म्हणून मी 'शीतलपुऱ्याचा इतिहास' लिहायला घेतला होता. तीन वर्षांचा इतिहास, आणि माझी एकोणतीस पानं झाली होती! पुढच्या एकोणतीस पानांत काय घालायचं, एवढीच काळजी होती.

नाव शीतलपुरा खरं, पण वस्तीत पाण्याचा थेंब नव्हता. पाणी आणायचं ते गावातल्या तळ्यावरून, जाऊन-येऊन दीड मैल. माझी पत्नी पार्वती सकाळी डोक्यावर दोन घागरी घेऊन यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "अहो इतिहासकार, जरा घागर उतरवा!" आणि मी लेखणी कानावर ठेवून उतरवायचो.

पण उपाय हाताशी होता. प्लेगच्या सालापासून लोकांनी गावाबाहेर मोकळ्या हवेत राहावं अशी दरबारची इच्छा होती. म्हणून हुकूम निघाला होता : नव्या वस्तीत दहा घरांच्या चुली पेटलेल्या दिसल्या, की सरकारी खर्चानं पक्की विहीर! पाहणी फाल्गुनात.

नऊ होत्या. दहावी हवी होती. आणि माझ्या घरासमोर एक घर चक्क रिकामं पडलं होतं! चिंतामणी वैद्यांनी बांधलं आणि सहा महिन्यांत सोडून गेले. "औषध उगाळायला तरी पाणी लागतं की नाही, भिया?" एवढंच जाताना म्हणाले. आमच्याकडे भावाला 'भिया' म्हणतात.

आता मुद्द्याचं सांगतो. वाचकहो, इथून पुढे मला जरा मान खाली घालून लिहावं लागेल.

माझी थोरली बहीण अक्का धारेला राहायची. लहानपणीच कपाळ पांढरं झालं, मग आईच्या मागं तिनंच मला वाढवलं. धारेला तिची एक खोली होती. उंबऱ्यापासून बारा पावलांवर आड. पहाटे जात्यावर बसली की तिची पहिली ओवी माझ्या नावाची असे. मला कळतं तेव्हापासून, एक दिवस चुकली नाही. मी देवासला आल्यापासून ती अशी :

"देवासच्या वाटे, काळी गं काळी माती,
भाऊ माझा चाले, दिवा गं धरून हाती!"

अशा बहिणीला मी पत्र लिहिलं. काय लिहिलं ते पुढे येईलच. चारचौघांत, मोठ्यानं, माझ्या डोळ्यांदेखत येणार आहे! तूर्त एवढंच सांगतो, की पत्र फार सुंदर उतरलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं. देवळातल्या पुजाऱ्याकडून तिनं ते वाचून घेतलं आणि त्याच्याच हातून उत्तर पाठवलं : "चि. श्रीपादास अनेक आशीर्वाद. येईन. एकच विचारते. पाणी खरंच दारात आहे ना? माझे गुडघे गेले. बाकी मला काही नको."

मी लगेच उत्तर लिहिलं : "अगदी दारात!"

आता याला कोणी खोटं म्हणेल. पण हिशेब बघा : अक्का आली की दहावी चूल. दहावी चूल झाली की विहीर. विहीर झाली की पाणी दारात. म्हणजे अक्का आली, की पाणी दारात आहेच! कारकुनी डोक्याला यात तसूभर फट दिसली नाही.

पार्वतीला दिसली. "अहो, आधी विहीर होऊ द्या, मग वन्संना बोलवा."

"अगं, ती आल्याशिवाय विहीर होत नाही!"

"मग त्यांना तसंच लिहा."

"तसं लिहिलं तर ती यायची नाही!"

पार्वती नुसती घागरीकडे बघत राहिली. त्या बघण्याला उत्तर देण्याऐवजी मी बाहेर गेलो आणि आणखी एक उद्योग केला. पुढचं सगळं रामायण त्या उद्योगातून निघालं!

झालं असं, की पत्रात माझ्या हातून 'दारासमोरून राजरस्ता' असंही लिहून गेलं होतं. प्रत्यक्षात वस्तीजवळून एक गाडीवाट जायची, आणि तीही वैद्यांच्या घराच्या मागून. समोर राजरस्ता, आणि अक्का येणार ती मागच्या गोठ्याच्या बाजूनं? छे! म्हटलं, पाण्याचं दरबार बघेल, रस्त्याचं तरी आपण खरं करू. कचेरीला सुटी होती त्या दिवशी मी जुन्या वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. माझं घर आणि वैद्यांचं घर यांच्या मधून दुतर्फा दगड लावले, त्यांना चुना फासला. गाडीवाले बिचारे बैलांसारखेच सरळ. काटे दिसले की वळले. पंधरा दिवसांत दोन घरांच्या मधून झकास वाट पडली. या अंगाला माझं घर, त्या अंगाला अक्काचं, मधून रस्ता! अगदी गावातल्या भर बाजारासारखं!

"आता दिसतंय शहर!" मी कमरेवर हात ठेवून म्हणालो.

आमच्या वस्तीचा पहिला रहिवासी फत्तेसिंग म्हैस पाजून येत होता. तो थबकला. दगडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "भिया, वाट सरकावी दी?"

"सरकवली! कशी आहे?"

"अच्छी है," तो म्हणाला. "पण कणी के पूछ्यो थो?"

मी हसलो. रस्ता करायला कोणाला विचारायचं? लोक उपकार मानतील!

*

अक्का आली. धारेहून इंदुरावरून चार दिवस बैलगाडीत. गाडीत एक वळकटी, एक ट्रंक, तुळशीचं रोप आणि जातं. खोली कायमची सोडून, पुजाऱ्याच्या मुलीला देऊन आली होती.

मी राजरस्त्यावर उभा राहून हात पसरले. "ये अक्का! हा तुझा शीतलपुरा!"

ती गुडघ्यांवर हात ठेवून खाली उतरली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. मग चारी दिशांना बघितलं.

"श्रीपा, पाणी कुठाय रे?"

"इथंच आहे अक्का! अगदी इथं!" मी तिच्या दारापुढच्या जमिनीवर पाय आपटला. "फक्त खणायचं बाकी आहे!"

वाचकहो, ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एकदा त्या जमिनीकडे बघितलं, एकदा पार्वतीच्या डोक्यावरच्या घागरींकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं." दोन दिवस तिनं तांब्याभर पाण्यात अंघोळ केली. त्यातलंही अर्धं तुळशीला. पण पहाटे जातं घरघरलं, आणि पहिली ओवी माझीच होती. मी पांघरुणात हसलो. म्हटलं, परवा पाहणी, की संपलंच सगळं!

पाहणीचा दिवस उजाडला. सकाळी मी घरोघर फिरलो. "चुली पेटवा! ओल्या गोवऱ्या घाला! धूर दिसला पाहिजे!" लोकांनी उत्साहानं घातल्या. एवढा धूर झाला, की आमच्या कचेरीचे नारायणराव अंमलदार घोड्यावरून आले ते खोकतच आले. त्यांच्या मागून दत्ताजी शिपाई डोळे पुसत, बगलेत दप्तर घेऊन.

"श्रीपादपंत, वस्ती आहे का वीटभट्टी?"

"चुली आहेत रावसाहेब! बरोबर दहा!"

नारायणराव मोठे नेमाचे माणूस. दारोदार जाऊन स्वतः वाकून चूल बघितली, दत्ताजीनं टिपून घेतलं. एक, दोन, तीन... नववी माझी. माझी छाती अशी फुगली होती, की सदऱ्याचा एक बंद तुटला!

"आणि दहावी?"

"ही काय समोर!" मी हात केला. अक्का तिच्या दारात उभी होती. "दहावी चूल, रावसाहेब! खास धारेहून आणलेली!"

शब्द तोंडातून सुटले, आणि अक्काची मान हळूच माझ्याकडे वळली.

"दहावी चूल?" ती म्हणाली. "कोण? मी?"

"म्हणजे अक्का, ते असं, की दहा चुली झाल्या की..."

"श्रीपा, तू मला बोलावलंस, का चुलीला?"

दहा घरांचा धूर एकदम माझ्या डोळ्यांत गेला. त्या क्षणी रस्ता दुभंगून मला पोटात घेता तर मी त्याचे आभार मानले असते. पण रस्त्याच्या मनात वेगळंच होतं.

कारण नारायणराव रस्त्याच्या मधोमध येऊन थांबले होते. खिळल्यासारखे! पुढचा पाय उचललेला, तो त्यांनी तसाच मागे घेतला.

"श्रीपादपंत, हा रस्ता कधी झाला?"

"मीच केला!" शरमेतसुद्धा माझा थोडा अभिमान शिल्लक होता. "वाट पूर्वी त्या घराच्या मागून जायची. मी पुढून आणली. शोभा!"

"दत्ताजी," नारायणराव हळू आवाजात म्हणाले, "हद्दीचा कागद काढ."

कागद निघाला. वाचून झाला. आणि मग मला कळलं, की मी काय करून बसलो आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या देवासला राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. कचेऱ्या दोन, शिपाई दोन तऱ्हेचे, आणि गावातल्या बाजाराच्या रस्त्याची ही बाजू यांची तर ती बाजू त्यांची. या कडेला शिंकलेल्या माणसाला त्या कडेचा माणूस 'शतायुषी हो' म्हणतो, तेही कचेरीतून परवानगी आणल्यासारखं! हे देवासचं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो. फक्त शीतलपुऱ्यात ते मला आठवलं नाही. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं : या बाजूची हद्द, गाडीवाटेच्या मधोमध.

वाट घराच्या मागे होती तेव्हा वैद्यांचं घर थोरल्या पातीत. मी वाट पुढे आणली. घर गेलं धाकट्या पातीत! अंगणासकट, तुळशीसकट, अक्कासकट!

"म्हणजे..." मी म्हणालो.

"म्हणजे थोरल्या पातीत चुली नऊ," नारायणराव म्हणाले. "विहीर नाही."

बायकांच्या घोळक्यातून एक सुस्कारा निघाला. पार्वतीनं पदर तोंडाला लावला. मी घाईघाईनं म्हणालो, "रावसाहेब, आत्ता दगड उचलतो! संध्याकाळच्या आत वाट परत मागे!"

"खबरदार! आता हात लावलात तर हद्द सरकवल्याचा गुन्हा! आधी सरकवलीत ती अजाण म्हणून सोडतो. दत्ताजी, गोपाळरावांना वर्दी दे. त्यांच्याकडे एक घर गेलंय, त्यांना कळवायला हवं."

*

गोपाळराव म्हणजे धाकट्या पातीचे अंमलदार. अंगानं गोल, मिशा तुपातल्या, आणि नारायणरावांशी त्यांची तीस वर्षांची दोस्ती. म्हणजे तीस वर्षं एकमेकांवर कुरघोडी. दुपारी ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं आले आणि आपल्या अर्ध्यात उभे राहिले. नारायणराव आपल्या अर्ध्यात. मधल्या अदृश्य रेषेवरून मी पानाचं तबक इकडून तिकडे नाचवत होतो.

"काय नारायणराव! ऐकतो, एक घर नजर केलंत आम्हाला!"

"आम्ही नाही. आमच्या कारकुनानं."

"असे कारकून आणखी आहेत का हो तुमच्याकडे? पाठवा!"

अख्खी वस्ती हसली. गोपाळराव मग अक्काकडे वळले आणि अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या हद्दीत आलात. काही गाऱ्हाणं?"

अक्का आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती ट्रंकेतून माझं पत्र घेऊन आली, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं. देवाच्या पोथीला गुंडाळतात तसं.

"गाऱ्हाणं नाही रावसाहेब. एवढं वाचा. माझ्या भावानं लिहिलंय, सगळं खरंच असेल. मला मेलीला अक्षर येत नाही. यात पाणी कुठं लिहिलंय ते मला दाखवा. दोन दिवस शोधतेय, सापडत नाही."

"अक्का, नको! ते घरगुती आहे!" मी ओरडलो.

"वाचा, वाचा!" वस्ती ओरडली.

गोपाळरावांचा आवाज कीर्तनकाराचा.

"'प्रिय अक्का, शीतलपुरा ही पुण्यभूमी आहे. प्लेगच्या साली एक कामधेनू आपल्या पावलांनी येथे आली, आसनस्थ झाली, व तिने ही जागा दाखवली...'"

"कामधेनू?" फत्तेसिंग पुढे झाला. "भिया, वा तो म्हारी भूरी भैंस थी! थकी गी थी, बैठी गी. लकड़ी मारी तो बी उठी नी. तो हम बी यांज बसी गया!"

"'...पश्चिमेस प्राचीन देवालय...'"

सगळ्यांनी पश्चिमेला बघितलं. कडुनिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. तोही मागच्या दिवाळीत ठेवलेला. त्याला टेकून भूरी भैंस रवंथ करत होती.

"'...तुझ्या घरात पूर्वी एक थोर वैद्य राहत. परंतु येथील हवा इतकी निरोगी, की त्यांस एकही रोगी मिळेना. शेवटी कंटाळून गेले...'"

दत्ताजी शिपाई सरकारी दप्तर तोंडावर धरून हसत होता. नारायणराव माझे वरिष्ठ. ते हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि ते त्याहून वाईट.

"'...आणि पाणी? अक्का, पाणी अगदी दारात! पहाटे जात्यावर बसलीस, की झऱ्याची साथ मिळेल. तुझ्या गुडघ्यांना आता विश्रांती. आजवर तू माझ्यासाठी पाणी वाहिलंस. आता माझी पाळी.'"

इथं कोणी हसलं नाही. गोपाळरावांनीसुद्धा कागद जरा खाली घेतला. वाऱ्यानं कुठल्याशा रिकाम्या घागरीत शीळ घातली. मी तबकातल्या चुन्याच्या डबीकडे बघत होतो. आजवर कुठलीही डबी मी इतकी बारकाईनं बघितलेली नाही.

"सापडलं का हो रावसाहेब, पाणी?" अक्कानं विचारलं.

"सापडलं, बाई." गोपाळरावांनी घडी घालून पत्र दोन्ही हातांनी परत दिलं. "लिहिलंय. दारात आहे म्हणून." मग मिशांवरून हात फिरवत त्यांनी रस्त्यापलीकडे नारायणरावांकडे बघितलं. "काय हो नारायणराव, तुमच्याकडे विहिरीला किती चुली लागतात?"

"दहा."

"अरेरे. आमच्याकडे," गोपाळराव म्हणाले, आणि त्यांना हे त्याच क्षणी सुचलं असणार याबद्दल मला शंका नाही, "आमच्याकडे एक पुरते!"

*

धाकट्या पातीच्या दरबारानं महिनाभरात अक्काच्या दारात विहीर खणली. मी जिथं पाय आपटला होता, तिथंच! अठरा हातांवर पाणी लागलं, उसाच्या रसासारखं गोड. माझ्या पत्रातलं ते एक वाक्य तेवढं खरं झालं, आणि त्याला माझा काडीइतकाही हातभार नव्हता. उलट मी शक्य तेवढी आडकाठी केली होती.

पाणी परक्या पातीतलं. आमच्या नऊ घरांना ते चालेल का, असा प्रश्न काही लोकांनी काढलाच. अक्का म्हणाली, "घागरीला पाती नसते. या गं." झालं! पहाटेपासून नऊ घरच्या बायका रस्ता ओलांडतात. पार्वतीच्या डोक्यावरची चुंबळ आता खुंटीला लटकलेली असते. वस्ती वाढली. धाकट्या पातीच्या अंगाला आणखी सहा घरं झाली. नारायणरावांनी ते बघून थोरल्या पातीच्या अंगाला शाळा आणवली, तेव्हा गोपाळरावांनी धर्मशाळा बांधवली. परगावचे लोक आता खरोखरच म्हणतात, की राहावं तर शीतलपुऱ्यात. मीच तेवढा म्हणत नाही.

अक्का मला कधी टोचून बोलली नाही. सणाला जेवायला बोलावते, पुरणावर तुपाची धार धरते. पण विहिरीला पाणी लागलं, त्याच्या दुसऱ्या पहाटे जातं घरघरायला लागलं, आणि मी नेहमीसारखा पांघरुणातून कान दिला. ऐकू आलं ते असं :

"पहिली माझी ओवी, दारातल्या झऱ्याला,
बोलाविलं नाही, आपल्या पायांनी आला!"

बरं, म्हटलं, पहिली झऱ्याला. रास्तच आहे. दुसरी माझी असेल.

"दुसरी माझी ओवी, फत्तेसिंगाच्या म्हशीला,
बसली ती म्हणून, गाव बसलं कुशीला!"

म्हशीला! तिसरी गोपाळरावांना, चौथी माझ्या पार्वतीला, पाचवी धारेहून आलेल्या बैलांना... मी एकेक बोट दुमडत मोजत होतो. पार्वती अंधुक उजेडात माझ्याकडे बघत होती आणि हसू दाबत होती. नवव्या ओवीनंतर जातं थांबलं. मला वाटलं, संपलं. कूस बदलली, आणि डोळ्यांच्या कडा पुसल्या. उगाच, धूर नसताना.

मग पुन्हा मूठभर दाणे पडल्याचा आवाज झाला.

"दहावी माझी ओवी, लेखणीच्या भावाला,
शाईचंच पाणी, पाजितो सगळ्या गावाला!"

विहिरीवर नऊ घरच्या बायका होत्या. त्यांनी ती एका फेरीत उचलली. आता रहाट फिरतो तो त्या ओवीवर, जाती फिरतात ती त्या ओवीवर, शाळेतली पोरं पाढे म्हणून झाले की तीच म्हणतात. परवा एक जण नव्यानं राहायला आला, त्याच्या बायकोला ती आधीच पाठ होती.

शीतलपुऱ्याच्या इतिहासात आपलं नाव यावं, अशी माझी फार इच्छा होती, वाचकहो. आलं.